धूर दिसत नाही, तरी पीयूसीत नापास

प्रश्न : माझी २०१३ची १२५ सीसी, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मोटारसायकल पीयूसीत, म्हणजे धुराच्या प्रदूषण तपासणीत, नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५.१ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) २,१०० पीपीएम (दहा लाखांत किती भाग). धूर तर अजिबात नाही! मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवून देतो. चालेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. तुमच्या गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. एचसी मर्यादेत आहे, म्हणजे ठिणगी बहुधा नीट पडते. सीओ वाढलाय, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते. या वायूला रंग नाही की वास नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

आधी एअर फिल्टर उघडा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून बसवा. मग चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण घट्ट करणारी सोय) पूर्ण उघडतोय का पाहा. केबल अडकून तो अर्धवट राहतो, हे फार वेळा घडतं. प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हे निदान पक्कं. त्यानंतर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल किती भरायचं ते ठरवणारा तरंगता भाग) पातळी तपासा. मगच स्क्रू, तोही दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन तापल्यावर. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा : सोडला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, नेमकं उलट. पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा. मिश्रण फार पातळ केलंत तर इंजिन मिसफायर होऊन (मिश्रण नीट न पेटून) एचसी उसळेल आणि इंजिनही तापेल.

प्रश्न : बीएस-६ (नव्या, कडक प्रदूषण निकषांच्या) गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलाय. फरक फक्त आवाजाचाच ना?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही. बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू कमी करणारा भाग) मूळ एक्झॉस्टमध्येच असतो. अख्खा पाइप बदलला की तोही जातो. बीएस-६ची मर्यादा सीओ ०.५ टक्के, एचसी ५०० पीपीएम. त्याच्याशिवाय ती गाठणं अवघड. हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जात नाही. अशा वेळी नाशिकच्या द्वारका सिग्नलवर तुमच्या मागे थांबलेल्याच्या छातीत तो जातो. मूळ सायलेन्सर असेल तर तोच परत बसवा, सांध्यातली गॅस्केट (गळती रोखणारी चकती) मात्र नवीन घाला.