बैरुतच्या जवानांसाठी पोस्टाचं तिकीट का निघत नाही?

प्रश्न : नमस्कार. मुलीकडे अमेरिकेत तीन महिने राहून आले. ती नॉर्थ कॅरोलायनात असते, तर एका रविवारी आम्ही जॅक्सनव्हिलला बैरुत मेमोरियल, म्हणजे १९८३ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतला बॉम्बस्फोटात मारल्या गेलेल्या अमेरिकी जवानांचं स्मारक, बघायला गेलो. तिथे एक वयस्कर गृहस्थ भिंतीवरच्या एका नावावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे होते. बोलता बोलता कळलं की ते स्वतः तेव्हा मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैन्यदलात होते, आणि बैरुतला मारल्या गेलेल्या मित्रांच्या नावाने पोस्टाचं तिकीट निघावं म्हणून ते आणि त्यांच्यासारखे बरेच जण किती वर्षं पत्रं लिहितायत, सह्या गोळा करतायत, पण अजून काही झालेलं नाही. मला फार वाईट वाटलं. एवढंसं तिकीट, त्याला कसली अडचण? आणि माझी मुलगी यात काही करू शकते का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते नावावरून फिरणारं बोट काही डोळ्यासमोरून हलत नाही.

बाकी वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. लेबनॉनमध्ये यादवी चालू होती आणि १९८२ मध्ये अमेरिका, फ्रान्स, इटली यांचं मिळून एक शांतिसैन्य बैरुतला गेलं, हे युनोचं नव्हे, वेगळं. २३ ऑक्टोबर १९८३, रविवार, सकाळचे ६ वाजून २२ मिनिटं, बहुतेक जण अजून झोपेत, आणि स्फोटकांनी भरलेला ट्रक विमानतळावरच्या मरीन्सच्या इमारतीत घुसला. २४१ अमेरिकी गेले, त्यात २२० मरीन्स, १८ नौदलाचे, ३ लष्कराचे. थोड्याच वेळात दुसऱ्या हल्ल्यात ५८ फ्रेंच जवान गेले. मला यातली सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट म्हणजे गेटवरच्या पहारेकऱ्यांच्या रायफली लोड केलेल्या नव्हत्या, कारण शांतता राखायला आलोय म्हणून नियमच तसा होता, ट्रक दिसला तेव्हा हातात वेळच उरला नाही. तुम्ही पाहिलेल्या भिंतीवर ‘ते शांततेसाठी आले’ अशा अर्थाचे शब्द कोरलेत ते म्हणूनच.

आता तिकिटाचं. अमेरिकेत विषय निवडायला सिटिझन्स स्टँप अॅडव्हायझरी कमिटी आहे, १९५७ पासून. लोकांकडून आलेल्या हजारो सूचनांतून ती मोजकेच विषय पुढे पाठवते, शेवटचा शब्द पोस्टमास्टर जनरलचा. कमिटीचे नियम लेखी आहेत आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. एक नियम असा की तिकीट चांगल्या योगदानाचं काढायचं, दुर्घटना आणि वाईट घटनांचं नाही. दुसरा असा की ऐतिहासिक घटनांचा विचार ५० वर्षांच्या पटीत होतो, म्हणजे ५०, १०० असं. त्यामुळे अर्जात ‘बैरुत बॉम्बस्फोट’ हे शब्द वर आले की पहिल्याच नियमात तो बसत नाही, मग मागे कितीही सह्या असोत. सह्यांनी काही बिघडत नाही, पण सह्यांच्या गठ्ठ्याने नियम काही बदलत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की तिकीट स्फोटाचं मागूच नये. मागायचं ते शांतिसैनिकांचं, परक्यांची भांडणं थांबावीत म्हणून तिथे जाऊन उभ्या राहिलेल्या माणसांचं. हे शब्दांचे खेळ नाहीत हो, खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्फोट हे मारणाऱ्यांचं काम होतं आणि तिथे उभं राहणं हे या पोरांचं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेत तिकीट निघालं त्यावर पडणारे टॉवर नाहीत, ढिगाऱ्यावर झेंडा उभारणारे तीन फायरमन आहेत. पण ते तिकीट कमिटीतून आलं नाही बरं का, त्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने कायदा केला होता. म्हणजे दरवाजे दोन आहेत, आणि आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहिणं हा दुसरा.

थोडं विषयांतर करतो, कारण तुमचं पत्र वाचल्यावर मी माझा जुना अल्बम काढून बसलो. आपले जवान १९५३ मध्ये युद्धकैद्यांची देखरेख करायला कोरियात गेले, तेव्हा तिथे वापरायला आपल्याच नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत काळा छाप मारून दिला होता. पुढे काँगोतल्या जवानांसाठी छाप आला, आणि १९६५ मध्ये गाझातल्या तुकडीसाठी नेहरूंच्या १५ पैशांच्या तिकिटावर इंग्रजी चार अक्षरं, यूएनईएफ, म्हणजे युनोचं शांतिसैन्य. भिंगाखाली धरलं की नेहरूंच्या चेहऱ्याजवळची ती अक्षरं दिसतात आणि वाटतं की हे चिकटवून कुणीतरी तिकडून घरी खुशाली कळवली असेल. शांतिसैनिक आणि पोस्ट यांचं नातं इतकं जुनं आहे, म्हणून ते गृहस्थ तिकीटच मागतायत याचं मला जरासुद्धा नवल वाटत नाही.

तर मुलीला सांगा, पत्र लिहायचंच. कमिटीला सूचना लेखी, साध्या टपालाने पाठवायची असते. चित्र काढून पाठवायच्या भानगडीत पडू नका, डिझाईन पोस्टाचे आर्ट डायरेक्टर ठरवतात. पत्र पानभरच ठेवायचं, विषयात ‘शांतिसैनिक’ हा शब्द हवा, आणि त्यांनी तिथे काय काम केलं ते आधी, कसे गेले ते नंतर एका वाक्यात. शक्य झालं तर त्या गृहस्थांना विचारून त्यांच्या मित्राबद्दल दोन ओळी घाला, कुठून आला होता, घरी कोण होतं.

आणि तारखेचं बघा. ५० वर्षं होतील २३ ऑक्टोबर २०३३ ला. सूचना निदान तीन वर्षं आधी पोचायला हवी, म्हणजे २०३० च्या ऑक्टोबरच्या आत. पहिल्या पत्राला नकार आला तर दुसरं लिहायला वेळ मिळावा म्हणून यंदाच पाठवा.