टॉवेल कडक का होतात?

प्रश्न : आंघोळीनंतर मऊ टॉवेल अंगाभोवती गुंडाळून घेण्यात केवढं सुख असतं! पण आमचे सुती टॉवेल वाळले की लाकडासारखे कडक होतात. सॉफ्टनर घालूनही पाणी नीट टिपत नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी सॉफ्टनर बंद करा. त्याचा तुळतुळीत थर धाग्यांवर बसतो, म्हणून टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी शोषत नाही. पावडर जास्त पडली किंवा पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असलं की टॉवेल आणखी ताठरतो. पावडर निम्मी करा, मशीन गच्च भरू नका. महिन्यातून एकदा शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला. ब्लीचसोबत मात्र कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो झटकण्याने. वाळत घालण्याआधी दोन टोकं धरून टॉवेल दहा-बारा वेळा जोरात झटका. पिळताना चपटे झालेले दोऱ्याचे बारीक फासे उभे राहतात, जवळून पाहिलंत तर दिसतीलच. ते दबलेलेच वाळले तर तंतू एकमेकांना चिकटून बसतात. वाळल्यावर पुन्हा झटका, हाताने थोडा चोळा. इस्त्री नको, तिने फासे पुन्हा दबतात.