१०-१२ हजारांत होम थिएटर: प्रोजेक्टर विकत घ्यावा की घरी बनवावा?

तुमचं बजेट १०-१२ हजार, खोली १० बाय १२ ची, आणि यूट्यूबवर लोक दोन हजारांत प्रोजेक्टर बनवताना दिसतात, म्हणून तुम्ही विचारताय की घ्यावा की बनवावा. आमच्या घरात २०१८ पासून ह्याच प्रश्नावर वाद चालू आहे. दोन्ही प्रकारचे प्रोजेक्टर मी माझ्या हातांनी उघडलेत, त्यामुळे लिहायला बसलोच.

आधी ते दोन हजारवाले डोक्यातून काढा. बुटाचा खोका, भिंग आणि आत मोबाईल हा प्रोजेक्टर नव्हे. मोबाईलच्या पडद्याचा सगळाच्या सगळा उजेड मोजला तरी १५-२० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) भरतो आणि त्यातला थोडासाच भिंगातून बाहेर पडतो. सिनेमागृहाच्या पडद्यासाठी १४ फूट-लँबर्ट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) उजेडाचा दंडक आहे. तो धरला तर १०० इंची चित्राला, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच, साधारण ४१५ ल्युमेन लागतात. व्हिडिओत चित्र झकास दिसतं, कारण कॅमेऱ्याला हवा तेवढा एक्स्पोजर देता येतो. आपल्या डोळ्यांना तो देता येत नाही.

आता माझी गोष्ट.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो. २०१८ च्या दिवाळीनंतर मी प्रोजेक्टर बनवायचं मनावर घेतलं. आमचा दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "तयार घे. सहा हजारांत मिळतो. तू पैसेही घालवशील आणि रविवारही." अंबड-लिंक रोडला एका भंगारवाल्याकडे ४०० रुपयांत जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर मिळाला, शाळा-कॉलेजात पारदर्शक कागद ठेवून भिंतीवर दाखवायचे तो. त्याच्या काचेखाली फ्रेनेल लेन्स असते, उजेड एकवटणारी, गोल गोल चऱ्यांची प्लॅस्टिकची पातळ पाटी. ती काढली. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून सात इंची एलसीडी पॅनल आणि त्याचा बोर्ड आणला. २० सेंटीमीटर नाभीय अंतराची काचेची लेन्स चीनहून मागवली, ती यायला दीड महिना लागला. १०० वॅटचा एलईडी, त्याला बेताचा करंट देणारा ड्रायव्हर, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, उष्णता ओढून घेणारा जुन्या संगणकाचा हीटसिंक, पंखे. खोका प्लायचा. पहिलं पॅनल त्याच्या मागचा बॅकलाइट सोडवताना गेलं, त्याची पट्टीची केबल जराशा जोरानेही फाटते. दुसरं आणलं. सगळं मिळून ११ हजार ३०० रुपये झाले. हा आकडा दादाला पाठ आहे.

पण चित्र दिसलं! मार्चमधल्या एका रात्री बैठकीतल्या भिंतीवर पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा ते उलटं होतं. मी तसाच पाच मिनिटं बघत बसलो होतो. मग पॅनल फिरवलं आणि आईला उठवून आणलं.

१२ मे २०१९ ला आयपीएलची फायनल होती, मुंबई विरुद्ध चेन्नई. सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी बॅनरवाल्याकडून आणलेला न छापलेला पांढरा फ्लेक्स ताणून बांधला. गल्लीतली पंचवीसेक माणसं आली. वहिनीने भेळ केली होती. मुंबईची बॅटिंग सुंदर दिसली. मी मागे खोक्याजवळ उभा होतो आणि लोक मॅचपेक्षा माझ्याकडे जास्त वळून बघतात असं मला वाटत होतं.

मधल्या वेळात दादा म्हणाला, "बाजूच्या फटीतून उजेड येतोय, डोळ्यात जातो." खरंच येत होता. मी घाईघाईने काळा चार्टपेपर आणला आणि फटी बंद केल्या. त्या फटी गरम हवा बाहेर जायला ठेवल्या होत्या. हे मला तेव्हा माहीत होतं, तरी मी त्या बंद केल्या, कारण पंचवीस माणसांपुढे मला यंत्रात दोष दिसायला नको होता.

पॅनलवर पडणाऱ्या उजेडातला जेमतेम ५ ते ८ टक्केच पलीकडे जातो. बाकीचा पॅनलच्या पोलरायझर (एकाच दिशेची प्रकाशलहर सोडणारी फिल्म) आणि रंगाच्या गाळण्यांत अडतो आणि त्याची उष्णता होते. पॅनलमधले द्रवस्फटिक (एलसीडीतले 'एलसी') एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची रचना मोडते, ते प्रकाश वळवू शकत नाहीत आणि तेवढा भाग काळा पडतो. थंड झाला की पुन्हा ठीक. आमच्या गच्चीवर चेन्नईच्या डावात, पंधराव्या षटकाच्या आसपास, पडद्याच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग आला. मग ताटाएवढा झाला. मी चार्टपेपर फाडून काढला, पण एकदा आतली हवा तापली की ती लगेच निवत नाही. लोक आधी थांबले, मग एकेक करून खाली टीव्हीकडे गेले. दादाही गेला.

चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. मी एकटा गच्चीवर होतो. लॅपटॉपवर मॅच टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट उशिरा येत होती. खालून एकदम जल्लोष ऐकू आला आणि माझ्या पडद्यावर, डागाच्या कडेला, मलिंगा अजून धावायला लागला नव्हता.

त्या रात्रीचं वाक्य दादा अजून प्रत्येक सणाला म्हणतो: "तयार घेतला असता तर मॅच तरी बघितली असती."

नंतर मी तो दुरुस्त केला. फ्रेनेल पॅनलला चिकटून होती, त्यात एक सेंटीमीटरचं अंतर ठेवलं आणि त्या फटीतून आडवी हवा जाईल असा पंखा लावला. उजेड अडवायला फटीपुढे वळणाची पट्टी लावली, म्हणजे हवा जाते आणि प्रकाश अडतो. अंतर ठेवल्याने आधी चित्रावर दिसणाऱ्या फ्रेनेलच्या रेघाही गेल्या. आजतागायत डाग आलेला नाही.

२०२० च्या दिवाळीच्या पाडव्याला दादाने ऑनलाइन तयार प्रोजेक्टर मागवला, साडेसहा हजारांचा. खोक्यावर ९००० ल्युमेन लिहिलं होतं आणि १०८०पी सपोर्ट. हे शब्द नीट वाचायला शिका. सपोर्ट म्हणजे तेवढा सिग्नल तो घेतो. दाखवतो किती, ते पॅनलच्या मूळ रेझोल्यूशनवर, म्हणजे त्यात किती ठिपके आहेत त्यावर ठरतं, आणि त्याचं होतं ८०० बाय ४८०. ल्युमेनचंही तसंच. 'एएनएसआय' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचूच नका. एएनएसआय ही अमेरिकेतल्या मानक संस्थेची पद्धत: पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून त्याची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. दादाचा आणि माझा शेजारी शेजारी लावला तेव्हा उजेडात बोटभरही फरक नव्हता, आणि माझं चित्र जास्त रेखीव होतं, कारण माझं पॅनल १०२४ बाय ६०० चं आहे.

२०२२ मध्ये त्याच्या चित्रात एका बाजूला पिवळट तपकिरी धब्बा आला. विकणाऱ्याने वॉरंटी संपली म्हणून हात वर केले. दादाने तो माझ्याकडे आणून ठेवला, बोलला काहीच नाही. मी उघडला. आत काय होतं सांगू? एक एलईडी, दोन फ्रेनेल, एक एलसीडी पॅनल, एक आरसा, एक लेन्स, दोन पंखे. माझ्या प्लायच्या खोक्यात जे आहे तेच, फक्त लहान आणि दाटीवाटीने बसवलेलं. त्याचा पोलरायझर भाजून तपकिरी झाला होता. एम. जी. रोडला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे पोलरायझरची फिल्म मिळते, ती आणून कापून लावली. दिशा चुकली तर चित्र निगेटिव्हसारखं उलट्या रंगांचं दिसतं, म्हणून चिकटवण्याआधी फिरवून बघावी लागते. चालू झाला. दादा म्हणाला, "बघ, चालू झाला ना? म्हणजे घेतलेलाच बरा." मला अजून वाटतं की मी गच्चीवर ते अकरा हजार घालवले नसते तर त्याचे साडेसहा हजार त्या दिवशी कचऱ्यात गेले असते.

आता तुमचं उत्तर. स्वस्तातला नवा आणि घरचा, दोन्ही यंत्रं आतून एकच आहेत. त्यामुळे पैसे वाचवायला बनवू नका, वाचत नाहीत. आणि मोठ्या आकड्यांना भुलून नवा स्वस्त घेऊ नका. केवळ सिनेमे बघायचे असतील तर ऑफिसातून निघालेला जुना, नावाजलेल्या कंपनीचा ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर शोधा. मी गेल्या वर्षी एका मित्राला ७ हजारांत मिळवून दिला. १२८० बाय ८०० चा मिळाला तर उत्तम. १०२४ बाय ७६८ चाही चालेल, फक्त रुंद सिनेमात वरखाली पट्ट्या येतात. मेनूत जाऊन दिव्याचे तास बघा. असा दिवा साधारण तीन ते पाच हजार तास चालतो आणि संपत आला की उजेड निम्म्यावर येतो. नवा दिवा केवढ्याला पडतो ते आधी विचारा, मगच पैसे द्या. एका चिपचा डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवरून एकेक रंग आळीपाळीने दाखवणारा) असेल तर नजर झटकन फिरवल्यावर काहींना रंगांच्या चमका दिसतात. घरातल्या सगळ्यांना दहा मिनिटं दाखवून मग घ्या.

बनवायचाच असेल तर तो आवडीने बनवा आणि १०० इंचांचा हट्ट सोडा. १०० वॅटचा एलईडी लावून माझ्या हिशेबाने पडद्यावर दीडशे-दोनशे ल्युमेन पोचतात. ७० इंची चित्राला तेवढे पुरतात. सात इंची पॅनलचं ७० इंची चित्र म्हणजे दहापट, आणि २० सेंटीमीटरच्या लेन्सला त्यासाठी पडदा २ मीटर २० सेंटीमीटरवर लागतो. तुमच्या खोलीत आरामात बसतं. लेन्स आणि पॅनल चांगलं विकत घ्या, तिथे काटकसर नको. खोका, वायरिंग, हवेची वाट हे हाताने करा.

दादा ह्या वादात सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांना मध्ये आणतो. त्र्यंबकेश्वरचे, आपले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत आणला, स्वतः बनवला नाही, असं तो म्हणतो. बरोबर आहे. पण फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती धुणं, हे सगळं घरी व्हायचं, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी रात्री जागून ती कामं केली आहेत. कॅमेरा विकत आला म्हणून हाताची कामं संपली नाहीत. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात आम्ही दोघं ह्यावर इतके मोठ्याने बोललो की मुलं पुढे निघून गेली.

काही गोष्टी राहिल्या. खोली अंधारी करणं हे ल्युमेनपेक्षा महत्त्वाचं आहे. चित्रातला काळा रंग खोलीच्या अंधाराहून काळा होऊ शकत नाही, म्हणून आधी जाड पडदे घ्या. गिलावा ओबडधोबड असेल तर भिंतीवर दाखवू नका, खड्डे दिसतात. फ्लेक्स ताणून बांधा किंवा मॅट पांढरा रंग द्या, चकचकीत ऑइल पेंट नको. जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरला इन्व्हर्टर हवाच, कारण लाईट गेली की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा खराब होऊ शकतो. तो दिवा फुटला तर आत पारा असतो, मुलांना जवळ येऊ देऊ नका, स्वतः उघडूही नका. घरी बनवत असाल तर एसएमपीएसला अर्थिंग द्या, आणि १०० वॅटच्या एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. मी एकदा बघितलं आणि संध्याकाळभर डोळ्यांपुढे हिरवा ठिपका होता.

लेन्स मागवण्याआधी पडद्याची भिंत आणि जिथे खोका ठेवणार ती जागा, ह्यातलं अंतर टेपने मोजून इथे लिहा. किती सेंटीमीटरची घ्यायची ते सांगतो.