परकीय भाषेचे शब्द पाठ करतो, पण आठवड्यात विसरतो. काय करावं?

विसरणारच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्येच तो प्रसिद्ध केला होता. यादी पुन्हा पुन्हा वाचू नका. अर्थ झाकून तो आठवायचा प्रयत्न करा. आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. तारखांचा हिशोब ‘अंकी’सारखं ॲप ठेवतं.

सुटा शब्द मात्र घोकू नका. जर्मनमध्ये टेबलाला नुसतं ‘टिश’ नको, ‘डेअर टिश’ असंच पाठ करा; ‘डेअर’वरून शब्द पुल्लिंगी आहे हे कळतं. लिंग नंतर बघू म्हणून मी सोडलं होतं, ते अजून निस्तरतोय! शक्यतो वाचताना अडलेलाच शब्द घ्या, त्याच्या वाक्यासकट. रोज दहा पुरेत. पन्नास घेतलेत तर चौथ्या दिवशी उजळणीच अंगावर येते.