गायरानातल्या शेणात काळे भुंगे झालेत. हे हुमणीचे का? फवारणी करावी का?

फवारणी अजिबात करू नका. पाऊस पडल्यापासून सिन्नरकडच्या तुमच्या गायरानात शेणात काळे भुंगे वळवळताहेत, गावात त्यांना हुमणी म्हणतात आणि काही जण औषध मारायला निघालेत, असं तुम्ही लिहिलंय. हे शेणकिडे आहेत. हुमणीशी त्यांचं कूळ एक असलं, तरी हुमणीची अळी पिकाची मुळं खाते आणि शेणकिडा अळीपासून मरेपर्यंत शेणावरच जगतो.

खात्री करायची तर एक पकडून पाहा. डोकं पुढून फावड्यासारखं चपटं, पुढचे पाय रुंद आणि दातेरी. हुमणीचा भुंगेरा तपकिरी असतो. तो दिवसा मातीत दडतो आणि अंधार पडला की निंब-बाभळीचा पाला खातो. अळ्या दोघांच्याही पांढरट आणि वाकड्या, घोटाळा इथेच होतो. शेणकिड्याची अळी बहुतेकदा जमिनीखाली शेणाच्या गोळीत बंद असते, पाठीवर कुबड असतं, बाहेर काढली तर तिला धड सरपटताही येत नाही. हुमणी मातीत मोकळी फिरते. (उकिरड्यातल्या जुन्या शेणखतात सापडणाऱ्या जाड अळ्या हा निराळा विषय. त्या गेंड्या भुंग्याच्याही असू शकतात.)

शेणाचा ताजा पो काठीने उलथून पाहिलात, तर त्यात एकाच वेळी कितीतरी जाती नांदताना दिसतील. काही शेणातच राहून तिथेच अंडी घालतात. जिम्नोप्लुरससारखे भर उन्हात येतात, गोळा वळतात आणि मागच्या पायांनी ढकलत लांब नेऊन पुरतात. खणणारे शेणाखालीच बीळ करून माल खाली ओढतात. ओन्थोफॅगस ही त्यातली छोट्या भुंग्यांची प्रजाती, एकट्या तिच्याच जगभर २,००० हून जास्त जाती आहेत. अंधार पडला की कॅथार्सियस मोलोसस हा मोठा, शिंगवाला गडी कामाला लागतो. पावसाळ्यात दिव्यावर येऊन आपटतो तो बहुतेकदा हाच. कुणी दिवसपाळीचा, कुणी रातपाळीचा, कुणाला ताजं शेण लागतं तर कुणाला जरा सुकलेलं चालतं. त्यामुळे एवढ्याशा शेणावर सगळ्यांचं भागतं.

सिन्नर पर्जन्यछायेतलं, माळाची माती मुरमाड. तिथे या बिळांतून पाणी मुरतं, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शेण वर वाळत पडलं तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. तेच खाली गेलं की गवताला मिळतं. माश्यांच्या अळ्यांना आणि गुरांच्या पोटातल्या जंतांनाही वाढायला जागा उरत नाही. ऑस्ट्रेलियात १७८८ मध्ये गुरं नेली, पण तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचं शेण कुरणांवर तसंच साचू लागलं, माश्या बेसुमार झाल्या. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६० च्या दशकापासून परदेशातून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्याकडे ते फुकट आहेत हो!

फवारणीइतकीच काळजी मला गोचीड-जंतांसाठी देतात त्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनची वाटते. ते शेणातून बाहेर पडतं आणि त्या शेणातल्या शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. ऐन पावसाळ्यात अख्ख्या कळपाला एकदम टोचू नका. टोचलंच तर त्या जनावरांना निदान दोन आठवडे गोठ्यातच चारा घाला. नुसत्या जंतांसाठी फेनबेंडाझोल चालेल का, हे पशुवैद्यकांना विचारा. शेणकिड्यांना त्याचा त्रास फारच कमी होतो.

गावाला हुमणीचाच बंदोबस्त करायचा असेल, तर वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर रात्री सात ते नऊच्या सुमारास बांधावरच्या निंब-बाभळी हलवा आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी केलं तरच उपयोग होतो.