फार्मव्हिल बंद का झालं? आईला पुन्हा तसाच खेळ शोधून द्यावा का?

तुम्ही विचारलंय की फेसबुकवरचा शेतीचा खेळ फार्मव्हिल का बंद झाला, आणि आई अजून त्याची आठवण काढते तर तिला तसलाच दुसरा खेळ लावून द्यावा की 'या वयात कशाला' म्हणून सोडून द्यावं. पहिल्याचं उत्तर सगळेच देतात: फ्लॅश. ब्राउझरमध्ये असले खेळ ज्यावर चालायचे त्या फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि खेळ बनवणाऱ्या झिंगा कंपनीने त्याच दिवशी तो मिटवला. खरं आहे. पण तोवर त्या शिवारात उरलं होतं कोण?

आमचं गाव बेळगावजवळ कडोलीच्या बाजूला, बटाट्याचं, भाजीपाल्याचं. २०१० च्या सुमारास मी बेळगावात कॉलेजला होतो. घरी कॉम्प्युटर आला माझ्यासाठी, त्यावर बसली आई. सातवीपर्यंत मराठी शाळा, इंग्रजी अक्षरओळखीपुरतं. तरी स्ट्रॉबेरी चार तासांत, भोपळा आठ तासांत, वांगी दोन दिवसांत काढायला येतात हे तिने चित्रं बघून पाठ केलं. वेळेत काढलं नाही तर पीक वाळायचं, म्हणून लाइटच्या वेळा बघून पेरायची. स्ट्रॉबेरीच्या वाट्याला जायची नाही; मध्येच लाइट गेली की गेलं पीक. रात्री थ्री फेज आली की बाबा मोटार सुरू करायला रानात जायचे, आणि ही कॉम्प्युटर लावून आपली वांगी काढायची.

खेळात फेसबुकवरचे ओळखीचे लोक आपले शेजारी व्हायचे. आईचे शेजारी कोण? इचलकरंजीची मावशी, पुण्याची माझी चुलतबहीण, आणि मावशीच्या ओळखीतून आलेली हुक्केरीची एक कन्नड बाई. आईचं कन्नड बाजारापुरतं, त्या बाईंचं मराठी त्याहून कमी. पण रोज सकाळी एकमेकींना झाडं पाठवायच्या. १ नोव्हेंबरला आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस, त्यांच्याकडे कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव. त्या दिवशीही आईच्या पिकाला त्यांनी खत घातलेलं असायचं. पुढं माझ्या बहिणीच्या लग्नाला त्या साडी घेऊन आल्या.

गणपतीत सगळे जमले असताना माझा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, खरं रान सोडून खोट्या रानात काय पेरायलीस?" सगळे हसले. आई उठून आत गेली.

त्याला जे तेव्हापासून सांगतोय तेच इथं लिहितो. खऱ्या रानात काय लावायचं हे आईला कुणी कधी विचारलं नाही. खुरपणी तिची, बटाटा काढणी तिची, अडतीचे पैसे बाबांच्या हातात, उताऱ्यावर तिचं नाव नाही. काय पेरायचं, कधी काढायचं, कुंपण कुठं घालायचं हे तिने स्वतः ठरवलेलं एकच रान होतं आणि ते कॉम्प्युटरवर होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता बंद का पडलं ते. जून २००९ मध्ये खेळ आला आणि मार्च २०१० पर्यंत महिन्याला आठ कोटींवर लोक खेळायला लागले. तेव्हा फेसबुकवरच माणसं होती चाळीस कोटींच्या आसपास. हे सगळं शेजाऱ्यांच्या जिवावर. रान वाढवायचं तर शेजारी वाढवा नाहीतर खरे पैसे भरा, तबेला बांधायचा तर साहित्य मित्रांकडे मागा. हरवलेल्या गाईच्या पोस्टी न खेळणाऱ्यांच्याही भिंतीवर. लोक वैतागले, आणि त्याच मार्चमध्ये फेसबुकने खेळांच्या सूचनांना लगाम घातला. नवे शेजारी यायचे कमी झाले. २०१२ ला फार्मव्हिल २ आलं, लोक मोबाइलकडे वळले. आधी चुलतबहीण थांबली, मग मावशी. शेवटपर्यंत राहिल्या आई आणि हुक्केरीच्या बाई.

चुलतभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो अजून फ्लॅशच म्हणतो. अरे, फ्लॅश जाणार हे अडोबीने जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं. पहिल्यासारखी माणसं खेळत असती तर तीन वर्षांत तो खेळ नव्या तंत्रात बसवला नसता काय? माझं मत ठाम आहे: शेजाऱ्याला मागण्यांनी पिडलं, शेजारी गेला, मग खेळ गेला.

तुमच्या आईचं जुनं रान परत मिळणार नाही. रफलसारख्या सोयीने जुन्या फ्लॅश फाइली चालतात, पण हा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर होता. नुसती फाइल मिळाली तरी आईची झाडं त्यात नसतात.

म्हणून शोधून द्याच. फार्मव्हिल ३ नोव्हेंबर २०२१ मध्ये मोबाइलवर आलं, 'हे डे' नावाचा तसलाच खेळ २०१२ पासून आहे. पण नुसता खेळ लावून देऊन निघून जाऊ नका. मावशीला, मामीला सोबत घ्या, स्वतःही खेळा. कुणी हसलं तर त्याला विचारा, तुझ्या घरच्या रानात काय लावायचं हे तुझ्या आईने कधी ठरवलं होतं?

आणि हो, फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. हेही खेळ वाट बघायला लावून पैसे मागतात, आणि बोट लागून खरेदी झाली तर आई खेळणंच सोडून देईल.