बेसबॉलमधल्या रिलीव्हरची (सामन्यात मध्येच येणाऱ्या बदली पिचरची) कारकीर्द कशी बघायची

नुसते सेव्ह (छोटी आघाडी टिकवून सामना संपवल्याची नोंद) मोजू नकोस. तीन धावांची आघाडी असताना शेवटची इनिंग सांभाळली तरी सेव्ह मिळतो. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेसवर विरोधी धावपटू असताना येऊन आघाडी टिकवणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा होल्डच (आघाडी टिकवून सामना पुढच्या पिचरकडे सोपवल्याची नोंद). न्यूयॉर्क यांकीज संघाचा रिलीव्हर मारियानो रिव्हेरा याचंच घे. १९९५ मध्ये यांकीजने त्याला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून आणलं, पण तिथे जम बसला नाही. १९९६ मध्ये क्लोजर (सामना संपवणारा रिलीव्हर) वेटलँडच्या आधी येऊन त्याने १०७ इनिंग टाकल्या, १३० स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केले), सेव्ह फक्त ५! माझ्या मते त्याचा सगळ्यात भारी सीझन तोच. पुढे ६५२ सेव्ह, २०१९ मध्ये एकमताने हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान). आणि हो, २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना जरूर बघ. नवव्या इनिंगमध्ये तो त्याच्याच हातून निसटला. त्यानंतरही तो २०१३ पर्यंत खेळला.